‘आमच्यासाठी विनंती कर’ : संतांकडे केलेल्या याचनेचे व्याकरण

१

स्वर्गस्थ संतांना हाक मारण्याच्या कॅथॉलिक श्रद्धेची चर्चा बहुधा दोन ठराविक विधानांपाशी येऊन थांबते. आक्षेपक म्हणतो की, जी प्रार्थना केवळ ईश्वराला करावयाची, ती येथे मनुष्याला केली जाते. समर्थक म्हणतो की, संतांची उपासना कोणी करीत नाही. आपल्यासाठी प्रार्थना करावी असे मित्राला सांगावे, तसे ते संतांना सांगितले जाते, इतकेच. दोन्ही पक्ष ‘प्रार्थना’ हा एकच शब्द योजतात. पण त्या शब्दाने दोघांना अभिप्रेत असलेला अर्थ एक नसतो. त्यामुळे वाद पुढे न सरकता तेथेच फिरत राहतो.

हा वाद धर्मशास्त्राचा खरा. तथापि त्याचे मूळ भाषेत आहे. ईश्वर आणि संत यांच्यातील भेद कॅथॉलिक सिद्धान्ताने ज्या जागी ठेवला आहे, ती जागा नामाची नसून क्रियापदाची व त्याच्या कारकांची आहे. कोणाला हाक मारली, एवढ्यावरून तो भेद कळत नाही. हाक मारून त्याला कोणती क्रिया करावयास सांगितली, यावरून तो कळतो. हा भेद मुळात किती भक्कम आहे आणि मराठीत आणताना तो कोठे टिकतो व कोठे निसटतो, याची परीक्षा हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. श्रद्धेच्या सत्यासत्यतेचा निर्णय त्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

२

या परीक्षेसाठी सर्वांत सोयीचा पुरावा म्हणजे ‘संतांची लितानी’ या नावाने प्रसिद्ध असलेली प्रार्थनामालिका. तीत एकामागून एक नावे उच्चारली जातात आणि प्रत्येक नावानंतर समुदाय ठरलेले उत्तर देतो. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावांनंतरचे लॅटिन उत्तर ‘मिझेरेरे नोबिस’, म्हणजे ‘आमच्यावर दया कर’, असे आहे. मरियेचे नाव येताच उत्तर बदलते व ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’, असे होते. ते शेवटच्या संतापर्यंत तसेच राहते. सूर तोच, समुदाय तोच, गुडघे टेकण्याची रीतही तीच. बदलते ते क्रियापद.

पहिल्या वाक्यात संबोधित व्यक्ती हीच दात्री आहे. दया करणे व दया पोहोचणे यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. दुसऱ्या वाक्यात संबोधित व्यक्ती स्वतःच याचक होते. वाक्यात न उच्चारलेला असा एक तिसरा तेथे गृहीत धरलेला असतो : ज्याच्याजवळ मागावयाचे तो. म्हणजे पहिल्या रचनेत दोन पक्ष आहेत, दुसरीत तीन. आणि त्या तिघांतील दाता वाक्यात अनुक्त राहूनही वाक्याचा अर्थ त्याच्यावाचून पुरा होत नाही.

हे निरीक्षण आधुनिक भाषाशास्त्राचे नव्हे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात ते नेमकेपणाने मांडले आहे. त्याच्या मते एखाद्याकडे प्रार्थना दोन प्रकारे नेता येते : त्यानेच ती पुरवावी म्हणून, किंवा त्याने ती मागून मिळवून द्यावी म्हणून. पहिल्या प्रकारे ती फक्त ईश्वराकडे नेली जाते, दुसऱ्या प्रकारे संतांकडे. या भेदाचा दाखला म्हणून त्याने प्रचारातील उपासनेच्या भाषेकडेच बोट दाखविले आहे : त्रित्वाकडे दया मागितली जाते, संतांकडे प्रार्थना. येथे सिद्धान्ताने व्याकरणाची साक्ष काढली आहे, हे लक्षणीय होय.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ च्या डिसेंबरात, आपल्या पंचविसाव्या बैठकीत, या विषयावर जो निर्णय दिला त्याची वाक्यरचनाही अशीच तोलून केलेली आहे. संतांना नम्रपणे हाक मारणे ‘चांगले व उपयुक्त’ आहे असे तीत म्हटले आहे. ‘आवश्यक’ हा शब्द तेथे नाही. वरदाने मागून मिळवावयाची ती ईश्वराकडून, आणि ती त्याच्या पुत्राच्या द्वारे. अपादान ईश्वराचे, द्वार ख्रिस्ताचे आणि संतांकडे केवळ मागण्याची क्रिया, अशी कारकांची वाटणी तीत झालेली आहे. १५६६ च्या रोमन धर्मशिक्षणग्रंथाने दोन सूत्रांतील हाच भेद धर्मगुरूंना समजावून सांगितला आहे.

३

एवढ्यावरून हा भेद निरपवाद आहे असे मानणे मात्र घाईचे होईल. समर्थकांच्या लेखनात ‘ओरा प्रो नोबिस’ या सूत्राचा आधार वारंवार घेतला जातो; पण उपासनेची सगळी भाषा त्या सूत्रात सामावत नाही. मॅंचेस्टर येथील जॉन रायलँड्स ग्रंथालयात ४७० क्रमांकाचा एक ग्रीक पपायरस आहे. तो १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा काळ वादग्रस्त आहे; तिसऱ्या शतकापासून त्यानंतरच्या अनेक शतकांपर्यंत निरनिराळे काळ सुचविले गेले आहेत. मरियेला उद्देशून असलेली जी प्राचीन प्रार्थना त्यावर त्रुटित स्वरूपात आढळते, तीत ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ असे क्रियापद नाही. तेथे संकटातून ‘सोडव’ असे साक्षात आज्ञार्थी रूप आहे. आणि नव्या करारातील प्रभूच्या प्रार्थनेत पित्याला ‘सोडव’ म्हणताना जे ग्रीक रूप येते, तेच हे रूप आहे.

अर्थात, भेद जर क्रियापदात असेल, तर या प्रार्थनेत तो नाही. येथे समर्थकाला क्रियापद सोडून वक्त्याच्या हेतूकडे वळावे लागते : ‘सोडव’ म्हणजे ‘प्रार्थना करून सोडव’ असे अध्याहृत धरावे लागते. रोमन धर्मशिक्षणग्रंथही ही अडचण जाणून आहे. दोन सूत्रांतील भेद सांगितल्यावर लगेच तो मान्य करतो की, निराळ्या अर्थाने संतांकडेही दया मागता येते, कारण तेही दयाळू आहेत. मात्र जे ईश्वराचे ते इतरांना दिले जाऊ नये, याविषयी दक्ष राहिले पाहिजे. ट्रेंटच्या निर्णयातही संतांच्या ‘प्रार्थनां’च्या जोडीला त्यांचे ‘साहाय्य’ व ‘आधार’ हे शब्द आलेले आहेत. म्हणजे दार काटेकोरपणे बंद करणाऱ्या वाक्यातच एक फट राहिलेली आहे.

प्रॉटेस्टंट टीकेचे मर्म याच फटीवर आहे. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने संतांचे स्मरण मान्य केले, पण त्यांना हाक मारण्यास पवित्रशास्त्राचा आधार नाही असे प्रतिपादिले. १५३१ मध्ये त्याचे समर्थन करताना मेलांख्थॉनने एक पाऊल पुढे जाऊन, स्वर्गातील संत धर्मसभेसाठी सामान्यपणे प्रार्थना करतात हेही मान्य केले. मात्र त्यावरून त्यांना हाक मारावी असे निष्पन्न होत नाही, असे तो म्हणतो. हा तर्क दुर्लक्षण्याजोगा नाही. ‘अमुक माझ्यासाठी बोलतो’ आणि ‘मी अमुकाला माझ्यासाठी बोल असे म्हणतो’ ही दोन वाक्ये भिन्न आहेत. पहिले खरे असल्याने दुसरे आपोआप सार्थ ठरत नाही. दुसऱ्या वाक्यासाठी संबोधित व्यक्तीला ते ऐकू जाते, ही अट हवी. ४०६ साली जेरोमने विजिलान्शियसला दिलेले उत्तर पहिल्या वाक्याला भक्कम आधार देते : देहात असताना जे इतरांसाठी प्रार्थना करीत, ते विजयानंतर ती का थांबवतील? ऐकू जाण्याच्या प्रश्नाचे उत्तर अक्वायनसने दिले ते असे की, संतांना आपल्या याचना स्वतःच्या सामर्थ्याने कळत नाहीत, तर ईश्वरदर्शनात कळतात. म्हणजे ऐकण्याची क्रियाही अखेर त्याच अनुक्त दात्यावर अवलंबून ठेवली आहे.

४

आता मराठीकडे वळावे. आजच्या मराठीत ‘प्रार्थना’ हा शब्द जवळजवळ सर्वस्वी ईश्वरोपासनेकडे गेला आहे. वस्तुतः ‘प्र’ व ‘अर्थ्’ यांच्यापासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मागणे एवढाच. जुन्या वळणाच्या पत्रांतून व निवेदनांतून ‘आपणांस अशी प्रार्थना आहे की’ असे एका माणसाने दुसऱ्याला निःशंकपणे लिहिले जाई. अर्थसंकोच झाल्यावर ‘संतांना प्रार्थना करणे’ हे वाक्य मराठी कानाला उपासनेचे वाटू लागले, यात नवल नाही. इंग्रजीतील ‘प्रे’ या क्रियापदाचा प्रवासही असाच झाला आहे.

विभक्तीने यात आणखी गुंता केला आहे. ‘संतांची प्रार्थना’ या पदबंधाचे दोन अर्थ संभवतात. षष्ठी कर्त्याची धरली तर संतांनी केलेली प्रार्थना; कर्माची धरली तर संतांना केलेली प्रार्थना. योहानाच्या प्रकटीकरणाच्या पाचव्या व आठव्या अध्यायांत सिंहासनासमोर धूपाबरोबर चढणाऱ्या ज्या प्रार्थना वर्णिल्या आहेत, तेथे षष्ठी निश्चितपणे कर्त्याची आहे. कॅथॉलिक सिद्धान्ताला हव्या असलेल्या दोन गोष्टी, म्हणजे संत प्रार्थना करतात आणि त्यांच्याकडे याचना केली जाते, मराठीत एकाच पदबंधात कोंबल्या जातात. आणि वाचक बहुधा कर्माची षष्ठी उचलतो, कारण ‘देवाची प्रार्थना’ या रूढ प्रयोगात ती तशीच आहे. अनुवादकाने ‘संतांची प्रार्थना’ असे लिहिताच वाद अर्धा हरलेला असतो.

या पार्श्वभूमीवर मराठी व कोंकणी कॅथॉलिकांच्या रूढ प्रार्थनेत मरियेला उद्देशून ‘विनंती कर’, कोंकणीत ‘विनती कर’, असे जे क्रियापद आले आहे, त्याचे मोल कळते. ‘विनंती’ हा शब्द ‘विज्ञप्ती’पासून प्राकृतातून आला आहे. पेशवाईतील पत्रांच्या मायन्यात नमस्कारानंतर ‘विनंती विशेष’ हे शब्द येत. मागणे शब्दांत मांडावयाचे व निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचा, हा अर्थ त्यात पक्का मुरलेला आहे. ज्याला ‘विनंती कर’ असे सांगितले, तो देणारा नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही. लॅटिन ‘ओरा’ पेक्षाही हा शब्द या बाबतीत स्पष्ट आहे. गोव्यातील मिशनऱ्यांच्या कानांत लॅटिनबरोबर पोर्तुगीजही होती आणि पोर्तुगीजमध्ये या ठिकाणी ‘रोगार’, म्हणजे विनवणे, या धातूचे रूप येते. ‘विनती’ त्या अर्थाशी अधिक निकट आहे. शिवाय कोंकणीत प्रार्थनेला सामान्यतः ‘मागणें’ म्हणतात. ‘मागणें’ आणि ‘विनती’ असे दोन शब्द हाताशी असल्याने कोंकणीला जो भेद सहज साधतो, तो एकट्या ‘प्रार्थने’वर विसंबणाऱ्या मराठी गद्याला साधत नाही.

‘साठी’ हा शब्दही असाच नेमका आहे. लॅटिन ‘प्रो’ मध्ये ‘हितार्थ’ व ‘बदली’ हे दोन्ही अर्थ आहेत. ‘आमच्या वतीने विनंती कर’ असे भाषांतर केले असते, तर संत हा मुखत्यार झाला असता व भक्ताने स्वतः मागण्याचे कारण उरले नसते. ‘आमच्यासाठी’ यात भक्ताचे स्वतःचे मागणे थांबत नाही. त्याच्या मागण्याला दुसऱ्याची जोड मिळते.

५

क्रियापदाने जे राखले ते नामांनी मात्र पुष्कळदा घालविले आहे. पहिले उदाहरण ‘संत’ या शब्दाचेच. लॅटिन ‘सांक्तुस’, त्यावरून पोर्तुगीज ‘सांतो’, आणि मराठी ‘संत’ यांचे ध्वनिसाम्य फसवे आहे. ‘सांक्तुस’ हे पवित्र ठरविणे, मर्यादा घालून वेगळे काढणे, या अर्थाच्या धातूचे भूतकालवाचक विशेषण. ‘संत’ हे ‘अस्’ धातूच्या ‘सत्’ या रूपापासून आलेले. एकाचा गाभा ‘वेगळा काढलेला’, दुसऱ्याचा ‘असणारा, खरा’. सतराव्या शतकातील गोव्यात हे शब्द शेजारी आले. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीने ते मराठी अभ्यासकांना सुलभ झाले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच घेणाऱ्या या कवीने पवित्र आत्म्याचे नाव मात्र पोर्तुगीज वळणाचेच ठेवले. १६५५ मध्ये रायतूरलाच छापल्या गेलेल्या आंतोनियु द साल्दान्य याच्या ‘सांतु आंतोनिची जीवित्वकथा’ या ग्रंथाच्या शीर्षकातही ‘संत’ नसून ‘सांतु’ आहे. परके रूप जपण्यात एक सावधपणा दिसतो : शब्द परका राहिला म्हणजे त्याचा अर्थ विचारावा लागतो. आजच्या मराठीत ‘संत’ हा शब्द सरसकट रूढ झाला आणि तो विचारण्याचे कारण संपले. बायबल सोसायटीच्या मराठी बायबलात ‘पवित्र जन’ हा शब्द आढळतो. तो मूळ अर्थाशी अधिक प्रामाणिक आहे.

दुसरे उदाहरण ‘मध्यस्थ’ या शब्दाचे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वर व मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ सांगितला आहे. लॅटिनमध्ये ख्रिस्ताचे ते पद व संतांची ‘इंतेर्चेस्सिओ’ ही क्रिया यांस दोन भिन्न शब्द आहेत. मराठीत पहिल्यासाठी ‘मध्यस्थ’ आणि दुसरीसाठी ‘मध्यस्थी’ असे शब्द योजले जातात. एकाच शब्दाची ही दोन रूपे असल्याने, जो एक आहे असे सांगितले तेच अनेकांना वाटून दिल्यासारखे दिसते. येथे सिद्धान्तात नसलेला विरोध भाषांतराने निर्माण केला आहे. ‘रदबदली’ हा दुसऱ्यासाठी शब्द टाकण्याच्या अर्थाचा जुना शब्द मराठीत आहे. तो अर्थाने जवळचा, पण त्याला कचेरीचा वास येतो. ‘वशिला’ हा शब्द तर सर्वस्वी बिघडला आहे. मूळ अरबीत ‘वसीला’ म्हणजे जवळ जाण्याचे साधन, आणि तेथे तो धर्मचर्चेतला प्रतिष्ठित शब्द आहे. मराठीत त्याचा अर्थ न्याय डावलून काम साधण्याचे साधन असा झाला. संतांवरील श्रद्धेला ‘स्वर्गातील वशिला’ म्हणून हिणविले जाते, तेव्हा आक्षेप शब्दाच्या अवनतीतून आलेला असतो. तरीही तो पोकळ नाही : जेथे दाता कठोर व मधला माणूस मवाळ अशी कल्पना रुजते, तेथे ‘वशिला’ हाच शब्द योग्य ठरतो.

शब्दांच्या या जोखमीची जाणीव खुद्द धर्मपीठालाही आहे. १९६४ च्या ‘लूमेन जेन्सियुम’ या परिषदपत्राने मरियेला दिली जाणारी ‘मध्यस्था’ आदी बिरुदे नमूद केली. पण त्यांनी एकमेव मध्यस्थाच्या प्रतिष्ठेत काही उणे होत नाही व काही भरही पडत नाही, अशा रीतीनेच ती समजावीत असे बजावले. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘मातेर पोपुली फिदेलिस’ या व्हॅटिकनच्या टिपणाने आणखी पुढे जाऊन ‘सहउद्धारिका’ हे बिरुद वापरणे अनुचित ठरविले आणि ‘मध्यस्था’ या शब्दाविषयीही सावधगिरी सांगितली. त्यातील एक युक्तिवाद भाषाभ्यासकाला विशेष वाटावा असा आहे : ज्या शब्दाचा विपर्यास टाळण्यासाठी पुन्हापुन्हा खुलासे करावे लागतात, तो शब्द श्रद्धेची सेवा करीत नाही. मराठी परिभाषेला हीच कसोटी लावणे अगत्याचे आहे.

६

‘आमच्यासाठी विनंती कर’ ही त्रिपक्षीय रचना मराठी भक्तिभाषेला परकी आहे, असा एक समज संभवतो. तो खरा नाही. तुकारामांच्या एका सुप्रसिद्ध अभंगात संतजनांना उद्देशून अशी याचना आहे की, त्यांनी पांडुरंगाला आपली आठवण द्यावी व काकुळतीने आपली कीव त्याला सांगावी. संबोधन संतांना, सांगावयाची क्रिया संतांची, द्यावयाचे ते पांडुरंगाने : कारकांची वाटणी तीच. फरक आहे तो तात्त्विक भूमिकेचा. वारकरी विचारात संत व देव यांच्यातील अंतर अनेकदा पुसले जाते. कॅथॉलिक सिद्धान्तात सृष्ट व स्रष्टा यांच्यामधील रेषा कोणत्याही संताला, मरियेलाही, ओलांडता येत नाही. म्हणूनच रचना सारखी असूनही ती राखण्याची निकड कॅथॉलिक परंपरेला अधिक भासते.

लोकव्यवहारात ती नेहमी राखली जाते असे नाही. वांद्र्याच्या डोंगरावरील माउंट मेरीला कोळी समाज ‘मोतमावली’ म्हणतो. सप्टेंबरातील जत्रेत निरनिराळ्या धर्मांचे लोक तेथे नवस बोलतात आणि मेणाच्या प्रतिकृती वाहतात. नवसाच्या भाषेतील क्रियापद ‘पावणे’ हे आहे; त्याचा कर्ता देव असतो. ‘मोतमावली पावली’ या वाक्यात अक्वायनसने वेगळे केलेले पुरविणे व मागून मिळविणे पुन्हा एक झालेले असते. जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियरला ‘गोंयचो सायब’ म्हणतात; ‘सायब’ हा विनंती करणाऱ्याचा शब्द नसून हुकूम देणाऱ्याचा आहे. त्याच्या अवशेषांच्या २०२४-२५ मधील प्रदर्शनाला लोटलेल्या गर्दीतही त्याचे हेच नाव होते.

यावरून आक्षेपकाने विजय मानणे योग्य होणार नाही. बोलीत अध्याहार स्वाभाविक असतो. ‘औषधाने वाचविले’ म्हणणारा वैद्याला नाकारीत नाही. परंतु समर्थकानेही केवळ लितानीचे सूत्र पुढे करून ‘पावली’ हे क्रियापद ऐकलेच नाही असे भासविणे प्रामाणिकपणाचे नव्हे. उपासनेचे सूत्र, धर्मशिक्षणाचे गद्य आणि नवसाची बोली असे या श्रद्धेच्या भाषेचे तीन स्तर आहेत. एका स्तरावरील पुराव्याने दुसऱ्या स्तराचा न्याय करणे हा या वादातील दोन्ही पक्षांचा समान दोष आहे.

तीन स्तरांपैकी अभ्यासकांच्या व अनुवादकांच्या हाती आहे तो मधला. बोली त्यांच्या सांगण्याने बदलणार नाही आणि सूत्र बदलण्याचा अधिकार त्यांचा नाही. गद्य मात्र त्यांचे आहे. त्या गद्यात ‘संतांची प्रार्थना’ याऐवजी ‘संतांकडे विनंतीची याचना’ असे लिहिणे, आणि ‘मध्यस्थ’ हा शब्द एकट्या ख्रिस्तासाठी राखणे, या दोन गोष्टी कोणालाही करता येण्याजोग्या आहेत. त्यांनी वाद मिटणार नाही. संतांना ऐकू जाते की नाही, आणि त्यांना हाक मारावी की नाही, हे प्रश्न पूर्वीइतकेच खुले राहतील. मात्र तेव्हा वाद त्या प्रश्नांवर होईल. एका षष्ठीच्या संदिग्धतेवर होणार नाही.